युरोपातल्या विद्यार्थी संघटना: मेल पाठवला, उत्तर नाही

गेल्या अंकात युरोपातल्या विद्यार्थी संघटनांच्या आपसातल्या सहकार्याबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि त्यावर पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं तिथे शिकणाऱ्या मुलामुलींची आहेत, एक वडिलांचं आहे. ब्रसेल्सला एका विद्यार्थी महासंघाच्या कार्यालयात मी बरीच वर्षं काढली. त्यामुळे माझी काही मतं पक्की आणि थोडी तिरकीही आहेत, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: ताई, मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला आहे. आमच्या विभागाच्या विद्यार्थी मंडळात बाह्य संबंधांचं काम माझ्याकडे आहे. जर्मनीतल्या आखेन आणि बेल्जियममधल्या लूव्हन इथल्या विद्यार्थ्यांसोबत मिळून काहीतरी करावं असं आमच्या मंडळाला वाटतं. आखेनच्या ‘आस्टा’ला आणि लूव्हनच्या विद्यार्थी परिषदेला मेल केले, पुन्हा आठवणही केली. उत्तर नाही. त्यांना यात रस नसावा का?

रस असेल, पण तुझी पत्रं भलत्याच दारात पडली आहेत. आस्टा म्हणजे जर्मन विद्यापीठातल्या सगळ्या विद्यार्थ्यांचं कार्यकारी मंडळ. विद्यार्थी आधी आपली संसद निवडतात आणि ती संसद आस्टा निवडते. सेमिस्टर तिकिटाचा, म्हणजे सत्रभराच्या बस-रेल्वे पासाचा करार, घरभाड्याच्या भानगडीत कायदेशीर सल्ला, विद्यापीठाशी भांडण हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. तिथे इलेक्ट्रिकलच्या मुलांनी भेटायचं म्हणतात हा मेल कोणाच्या टेबलावर जाणार? तुला हवी आहे ‘फाखशाफ्ट’, म्हणजे त्या विषयाच्या विद्यार्थ्यांची संघटना. लूव्हनचंही तसंच. तिथली विद्यार्थी परिषद विद्यापीठाच्या धोरणावर बोलते. इंजिनिअरिंगच्या मुलांचं मंडळ वेगळं आहे, त्याला सगळे ‘व्हीटीके’ म्हणतात. तिथे लिही.

मी हे जरा लांबण लावून सांगते, कारण बहुतेक सहकार्य इथेच मरतं. ‘विद्यार्थी संघटना’ या एका नावाखाली युरोपात निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. काही कायद्याने स्थापलेल्या प्रतिनिधी संस्था आहेत. ऑस्ट्रियात तर प्रत्येक विद्यार्थी आपोआप राष्ट्रीय संघटनेचा सभासद असतो आणि वर्गणी भरतो. काही विषयांची मंडळं आहेत, तुझ्यासारखी. आणि काही राहण्या-खाण्याची, गाण्या-बजावण्याची कुळं आहेत. स्वीडनमध्ये उप्साला आणि लुंड इथे प्रत्येकी तेरा ‘नेशन’ आहेत, प्रांतांच्या नाहीतर शहरांच्या नावांची, आणि शतकानुशतकं चालू आहेत. पोलंडमध्ये तर विद्यार्थ्यांनी निवडलेली प्रतिनिधी संस्था ‘सामोझोंद’ निराळी आणि एखाद्या विषयाच्या विद्यार्थ्यांचं अभ्यासमंडळ निराळं. आपल्या प्रकारची संघटना समोर कोणती, हे शोधायला एक दुपार खर्च कर. दहा मेल वाचतील.

पुढची गोष्ट मेलच्या मजकुराची. ‘आपण परस्पर सहकार्याच्या शक्यता पडताळून पाहूया’ असं लिहिलं असशील तर मी सुद्धा उत्तर दिलं नसतं. काम सांग, तारीख सांग, आणि त्यांना काय करावं लागेल ते सांग. तुमच्या तिघांच्या पंचक्रोशीत काय काय आहे बघ. तुझ्या शेजारी वेल्डहोवनला चिप बनवण्याची यंत्रं तयार करणारी एएसएमएल, लूव्हनला चिपवर संशोधन करणारी आयमेक, आखेनला तंत्रविद्यापीठाच्या स्वतःच्या प्रयोगशाळा. तीन मंडळांनी प्रत्येकी एक दिवस यजमान व्हायचं, पाहुण्यांना आपापल्या सभासदांच्या खोल्यांत झोपवायचं, बसचा खर्च तिघांत वाटायचा. एवढंच लिही. अशा मेलला हो किंवा नाही, काहीतरी उत्तर येतंच.

आता तारीख. ही खरी डोकेदुखी आहे. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, उन्हाळी सत्र एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत. बेल्जियमच्या फ्लेमिश, म्हणजे डच भाषिक विद्यापीठांत वर्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, परीक्षा जानेवारी आणि जूनमध्ये, आणि त्याआधीच्या अभ्यासाच्या आठवड्यांत मुलं भूमिगत होतात. तुमच्याकडे वर्षाचे चार तुकडे आणि प्रत्येकाच्या शेवटी परीक्षा. तिन्ही वेळापत्रकं शेजारी शेजारी मांडलीस की नोव्हेंबरचा मधला काळ आणि एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंतचे आठवडे उरतात, तेही सुट्या वगळून. मार्च मोकळा दिसतो, पण जर्मन मुलं तेव्हा गावी नाहीतर परीक्षेत असतात.

आणि एक बघून ठेव. डच मंडळात माणसं वर्षभर अभ्यास बाजूला ठेवून पूर्णवेळ काम करतात आणि उन्हाळ्याच्या आसपास सगळीच्या सगळी बदलतात. फाखशाफ्टची बैठक बहुधा दर आठवड्याला आणि सगळ्यांना खुली. कोणीही येऊन बसतं, तीच मंडळी वर्षानुवर्षं दिसतात, पण पूर्णवेळ कोणी नसतं. म्हणून तुला दुपारी दोनला उत्तर हवं असतं आणि त्यांचं उत्तर मंगळवारच्या बैठकीनंतर रात्री अकराला येतं. तो आळस नव्हे. जर्मन भाषिक प्रदेशातल्या फाखशाफ्ट दर सत्रात विषयवार एकत्र जमतात. भौतिकशास्त्राच्या संमेलनाला ‘त्साप्फ’ म्हणतात, संगणकशास्त्राच्या संमेलनाला ‘किफ’, तुमच्या विषयाचंही आहे. शाळेच्या व्यायामशाळेत स्लीपिंग बॅग अंथरून झोपतात आणि पहाटेपर्यंत ठरावांच्या स्वल्पविरामांवर वाद घालतात. बोलावलं तर जरूर जा.

जाता जाता, इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांचं युरोपभरचं जाळं ‘ईस्टेक’ सुरू झालं ते १९८६ साली तुझ्याच गावात भरलेल्या परिषदेतून. तुमच्या मंडळाच्या जुन्या कपाटात त्याची कागदपत्रं असण्याची शक्यता आहे. उघडून बघ.

प्रश्न: मी क्राकूवला इंजिनिअरिंग शिकतो. शहरात ‘बेस्ट’, ‘एईजीईई’ आणि इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क या तिन्हींच्या शाखा आहेत. आमच्या अभ्यासमंडळाला इतर देशांशी जोडून घ्यायचं आहे. यांपैकी कोणाचा हात धरावा?

आधी प्रत्येकाचा निर्णय कुठे होतो ते बघा.

‘एईजीईई’ १९८५ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या युरोपीय देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना १९८७ साली मंजूर होण्याआधी तिच्यासाठी धावाधाव करणाऱ्यांत ही मुलं होती. त्यांनी एक गोष्ट मुद्दाम केली: राष्ट्रीय पातळीच ठेवली नाही. शहराची शाखा आणि थेट युरोप, मध्ये देश नाही. म्हणजे क्राकूवच्या शाखेला व्हॅलेन्सियाच्या शाखेशी काही ठरवायचं तर वॉर्सॉला विचारावं लागत नाही. विषयाचं बंधनही नाही, वकील, डॉक्टर, इतिहासवाले सगळे एकत्र. तुमच्या तांत्रिक कामाला हे अपुरं वाटेल, पण लोकांना दहा दिवस एकत्र ठेवायचं असेल तर उन्हाळी विद्यापीठं भरवण्याचा त्यांचा अनुभव १९८८ पासूनचा आहे.

‘बेस्ट’ १९८९ सालची, तंत्रविद्यापीठांपुरती. तिथेही मध्ये राष्ट्रीय पातळी नाही. त्यांचे अभ्यासवर्ग चांगले असतात, पण ते त्यांचे असतात. तुमच्या मंडळाचं नाव त्यात कुठे येईल हे आधी विचारून घ्या.

इरॅस्मस स्टुडंट नेटवर्कची मुळं १९८९ सालात. विद्यापीठातली शाखा, तिच्यावर राष्ट्रीय, तिच्यावर युरोपीय असा उतरंडीचा कारभार. पाचशेहून जास्त शाखा आहेत. ज्या शहरात तुम्हाला कोणीच ओळखत नाही तिथे स्टेशनवर उतरून घ्यायला माणूस हवा असेल तर यांच्यासारखं कोणी नाही. तुमच्या प्रकल्पात भागीदार म्हणून त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना सांभाळणं हेच त्यांचं मोठं काम आहे आणि ते संपत नाही.

माझं मत विचाराल तर तिघांचाही हात धरू नका. तिघांना चहाला बोलवा, त्यांच्याकडून ओळखी घ्या, आणि दुसऱ्या देशातल्या आपल्याच विषयाच्या एका मंडळाशी सरळ बोला. कायद्याच्या विद्यार्थ्यांची ‘एल्सा’ अशीच उभी राहिली. १९८१ साली व्हिएन्नात ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनी, पोलंड आणि हंगेरी इथले कायद्याचे विद्यार्थी एकत्र बसले. मध्ये पोलादी पडदा होता, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला. तरी ती टिकली, कारण सगळ्यांचा विषय एक होता आणि बोलायला रोज काहीतरी होतं.

प्रश्न: तीन देशांतल्या आमच्या मंडळांनी मिळून एक सामायिक संस्था नोंदवावी का? सामंजस्य करार तरी करावा का? संस्था कुठे नोंदवणं सोपं?

नको. करारही नको.

तरी हौस असेल तर माहिती देते. फ्रान्समध्ये १९०१ च्या कायद्याने दोन माणसं पुरतात. पण ‘युरोपची राजधानी’ म्हणून स्ट्रासबुर्ग निवडलंत तर तिथे अजून जुना स्थानिक कायदा चालतो आणि सात संस्थापक लागतात. जर्मनीतही नोंदणीसाठी सातच. बेल्जियमच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला राजाच्या सहीचा आदेश यावा लागतो. हे सगळं झाल्यावर दरवर्षी खजिनदार बदलणार आणि दरवर्षी बँकेत नव्या सहीचे कागद नेऊन द्यावे लागणार. तो खजिनदार बिचारा तिसऱ्याच देशात राहत असणार. दोन-तीन वर्षं एकत्र काम करून बघा, तोवर पैसा कोणातरी एका मंडळाच्या खात्यात ठेवा आणि हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवा.

प्रश्न: घेंटच्या आमच्या मंडळाला पोर्तुगाल आणि लिथुएनियाच्या मुलांसोबत शाश्वत इमारतींवर एक आठवड्याचं शिबिर घ्यायचं आहे. विद्यापीठ म्हणतं इरॅस्मसचा पैसा विद्यार्थी मंडळाला मिळत नाही. हे खरं आहे का?

अर्धं खरं. इरॅस्मस प्लस, म्हणजे इरॅस्मसचं आजचं रूप, त्यातला उच्च शिक्षणाचा पैसा विद्यापीठामार्फत येतो, तुमच्या मंडळाला त्यात थेट जागा नाही. पण त्याच योजनेत ‘युवा’ नावाचं वेगळं दालन आहे आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला त्याच्याशी देणंघेणं नसल्यामुळे ते सांगत नाहीत. तुम्ही विद्यार्थी आहात तसेच तरुणही आहात!

त्या दालनात युवा विनिमय आहे. किमान दोन देशांतले गट, वय १३ ते ३०, मुदत ५ ते २१ दिवस, प्रवासाचे दिवस सोडून. तुमचं शिबिर त्यात नीट बसतं. अर्ज त्या त्या देशाच्या राष्ट्रीय संस्थेकडे करायचा. तुमच्या फ्लॅंडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच भाषिक भागात, ती ‘यिंट’. साधारण फेब्रुवारी आणि ऑक्टोबर अशा दोन मुदती असतात. दोघींपैकी ऑक्टोबर सोडा, कारण तेव्हा तुमचं मंडळ नुकतंच बसलेलं असतं आणि कोणाला काही माहीत नसतं.

वर्षभराचं काम असेल तर ‘लघु भागीदारी’ आहे. दोन देशांतल्या दोन संस्था पुरतात, आणि ३०,००० किंवा ६०,००० युरो अशी ठोक रक्कम मिळते. हीसुद्धा उच्च शिक्षणात नाही, युवा किंवा क्रीडा या दालनांतून मागावी लागते. मोठ्या भागीदारीला तीन देशांतल्या तीन संस्था लागतात आणि रक्कम १,२०,००० युरोपासून सुरू होते. ती मागू नका. त्या रकमेचा हिशेब सांभाळायला पगारी माणूस लागतो.

दुसरं दार युरोप परिषदेचं. ही युरोपीय संघाहून वेगळी संस्था, ४६ देशांची. दोन्हींचा निळा झेंडा एकच असल्यामुळे माझ्या ओळखीचे खासदारही गोंधळतात. तिची स्ट्रासबुर्गला १९७२ पासून आणि बुडापेस्टला १९९५ पासून युवा केंद्रं आहेत. आंतरराष्ट्रीय युवा संघटनांना तिथे आठवडाभराची अभ्याससत्रं घेता येतात. राहणं, जेवण, प्रशिक्षक मिळतो. मात्र एकट्या शहरी मंडळाला नाही, जाळ्याला. इथे ती मघाची युरोपीय जाळी कामी येतात: अर्ज त्यांच्या नावाने, मजकूर आणि घाम तुमचा.

प्रश्न: मी व्हिएन्नात पीएच.डी. करते. युरोपातल्या आठ विद्यापीठांच्या युतीत एक सामायिक विद्यार्थी परिषद आहे, तिच्यावर मी आहे. सत्तर हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ म्हणतं आम्हाला जास्त मतं द्या. छोट्या विद्यापीठांना ते मान्य नाही. वर्षभर यावरच बैठका चालू आहेत. काय करावं?

वर्षभर! मोठ्यांना सांगा की युरोपीय स्टुडंट्स युनियनमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनांच्या महासंघात, प्रत्येक देशाला दोनच मतं असतात, आइसलँडलाही आणि जर्मनीलाही. ज्या देशात दोन राष्ट्रीय संघटना आहेत तिथे त्या एकेक मत वाटून घेतात, जसं नेदरलँड्समध्ये आणि बेल्जियममध्ये. मोठ्यांना ते फारसं आवडत असेल असं नाही, पण त्यांना ते परवडतं, कारण त्यांचं वजन मतांत नसतंच. मसुदा कोण लिहितो यात असतं. मोठ्या विद्यापीठाच्या संघटनेकडे एखादा पगारी कर्मचारी असतो, तो रात्रीतून मसुदा करून पाठवतो आणि सगळे त्याच्यावरच दुरुस्त्या सुचवत बसतात. छोट्यांना काही मागायचं असेल तर त्यांनी मसुद्याची पाळी मागावी. मतं मोठ्यांना दिली तरी चालतील, लेखणी फिरती ठेवा.

आणि मतदानाचा प्रसंग इतक्या वेळा का येतो तेही बघा. या युनियनचा जन्म पाहण्यासारखा आहे. १९८२ साली स्टॉकहोममध्ये सात राष्ट्रीय संघटनांनी तिची स्थापना केली ती पश्चिम युरोपीय विद्यार्थ्यांचं माहिती कार्यालय म्हणून. ठराव करणारं व्यासपीठ नको, एकमेकांच्या देशात काय चाललंय ते कळवणारं कार्यालय हवं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं असणार. कारण आधीचा अनुभव वाईट होता. १९४६ साली प्रागमध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघ सोव्हिएत गोटात गेला. त्याला उत्तर म्हणून पश्चिमेने वेगळी परिषद उभी केली, तिचं सचिवालय लायडनला होतं. १९६७ साली उघड झालं की तिच्या पैशामागे सीआयए होती. तिथे काम करणाऱ्या किती मुलांना हे माहीत नव्हतं! त्यानंतर बराच काळ युरोपात विद्यार्थ्यांच्या संयुक्त संस्थेकडे लोक संशयानेच बघत. म्हणून तुमच्या परिषदेत मतांआधी पैशाचा स्रोत लिहून काढा. युतीचं सचिवालय तुमचा प्रवासखर्च देत असेल आणि तुम्ही त्याच सचिवालयावर देखरेख करत असाल, तर तो प्रश्न मतांच्या वाटपापेक्षा मोठा आहे.

माहिती गोळा करण्याने काय होतं तेही सांगते. १९९९ साली २९ देशांच्या मंत्र्यांनी युरोपभर पदव्यांची रचना सारखी करण्याचा बोलोन्याचा जाहीरनामा केला, त्यात विद्यार्थ्यांना विचारलंच नव्हतं. पण या संघटनांकडे देशोदेशीचा तपशील होता: कुठे फी वाढली, कुठे नव्या पदवीला नोकरीच्या बाजारात कोणी ओळखत नाही. दोन वर्षांत, २००१ साली प्राग इथे, मंत्र्यांनी विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण समुदायाचे पूर्ण सभासद म्हणून लिखित मान्यता दिली. २००३ पासून तर विद्यार्थ्यांच्या नजरेतून या सुधारणांचा अहवाल मंत्र्यांच्या परिषदेसाठी निघू लागला. तुमच्या आठ विद्यापीठांत एका सत्रात, दुसऱ्या विद्यापीठात शिकून परत आलेल्या किती जणांचे क्रेडिट नाकारले गेले, याची यादी करायला बसा. त्यावर मतदान घ्यावं लागणार नाही, आणि कुलगुरू ती वाचतील.

प्रश्न: माझी मुलगी डेल्फ्टला शिकते. ती म्हणते, एक वर्ष शिक्षण थांबवून विद्यार्थी मंडळाचं काम पूर्णवेळ करणार, इतर देशांतल्या मंडळांशी संपर्क तिच्याकडे असेल. तिकडे हे सर्रास चालतं म्हणे. आम्ही कर्ज काढून पाठवलं आहे. हे योग्य आहे का?

सर्रास चालतं हे खरं आहे. डच मुलं असं वर्ष घेतात, विद्यापीठं त्यासाठी थोडं मानधनही देतात आणि तिथल्या कंपन्या मुलाखतीत त्याची चौकशी करतात. कामही खोटं नाही. वरची पत्रं वाचलीत तर कळेल की अशी पूर्णवेळ माणसं नसतील तर देशादेशांतलं कोणाचंच कोणाला उत्तर जाणार नाही.

पण तुमच्या मुलीचा प्रश्न तिच्या डच मैत्रिणीसारखा नाही. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला नेदरलँड्समध्ये दरवर्षी त्या वर्षाच्या निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. ६० चं वर्ष असेल तर ३०. योग्य कारणाशिवाय ते झालं नाही तर विद्यापीठ इमिग्रेशन खात्याला कळवतं, आणि निवासपरवाना धोक्यात येतो. फीसुद्धा तिला संस्थात्मक दराने, म्हणजे स्थानिकांच्या कितीतरी पट भरावी लागते, आणि परवान्यासाठी नाव नोंदलेलं ठेवावंच लागतं. मंडळाच्या मुलांना हे बहुधा ठाऊकही नसतं, कारण त्यांच्यावर ती वेळ येत नाही.

तिला रागवू नका, पण तीन गोष्टी करायला सांगा. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन मंडळाचं वर्ष हे त्या नियमात ग्राह्य कारण धरतील का, हे विचारावं आणि उत्तर मेलवर घ्यावं, तोंडी नको. मंडळाला अर्धवेळ पद करता येतं का ते बघावं. बऱ्याच मंडळांत येतं, फक्त कोणी मागत नाही. आणि बाहेरच्या देशांतल्या बैठका तिच्याकडे असतील तर ठिकाणं लवकर ठरवून घ्यावीत. डच परवान्यावर शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवस फिरता येतं, पण आयर्लंड आणि सायप्रस त्यात नाहीत. डब्लिनची बैठक म्हणजे वेगळा व्हिसा. ते तिने मंडळाला पहिल्याच बैठकीत सांगावं, तिकिटं काढल्यावर नाही.